सही अनेकांची, जबाबदारी कोणाची? युरोपीय आयोगातील गैरव्यवहार आणि राजकीय उत्तरदायित्व

प्रश्न असा आहे की, युरोपीय आयोगासारख्या, म्हणजे ब्रुसेल्समधून युरोपीय संघाचा कारभार चालवणाऱ्या, प्रचंड आंतरराष्ट्रीय यंत्रणेत पैशांचा गैरव्यवहार उघडकीस आला तर शेवटी जबाबदार कोणाला धरायचे. वर बसलेल्या आयुक्ताने, म्हणजे मंत्र्यासारख्या एखाद्या खात्याच्या राजकीय प्रमुखाने, स्वतः एक पैसाही घेतलेला नसेल, तर त्याने राजीनामा का द्यावा. १९९९ मध्ये संपूर्ण आयोग पायउतार झाल्याने प्रत्यक्षात काय बदलले. आणि आज तसेच काही घडले तर काय होईल. हे चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

मी सव्वीस वर्षे सार्वजनिक निधीच्या लेखापरीक्षणाचे काम करतो आहे आणि त्यातील बराच काळ आंतरराष्ट्रीय अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या प्रकल्पांची तपासणी करण्यात गेला. पैसे कोणी खाल्ले हे शोधणे अवघड असतेच. पण ते थांबवणे कोणाचे काम होते, हे ठरवणे त्याहून अवघड असते, असा माझा अनुभव आहे. याचे एक कारण असे की ‘जबाबदारी’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या अर्थांनी वापरतो. पहिली जबाबदारी फौजदारी: अमुक व्यक्तीने जाणूनबुजून फसवणूक केली, हे न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध व्हावे लागते. दुसरी प्रशासकीय: नियम मोडला, देखरेख केली नाही, म्हणून अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होते. तिसरी राजकीय: ज्याच्या हाती खाते सोपवले आहे, त्याने त्या खात्यात जे घडले त्याबद्दल लोकप्रतिनिधींपुढे उभे राहून उत्तर द्यायचे, मग ते त्याने केलेले असो वा नसो. या तिघींचे पुरावे वेगळे, वेग वेगळे आणि शिक्षाही वेगळ्या. ब्रुसेल्समध्ये वर्षानुवर्षे झालेली चूक ही की तिसरीला पहिलीची वाट पाहत थांबवून ठेवले गेले. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणी काही बोलायचे नाही, आणि निकाल येईपर्यंत आयुक्ताची मुदत संपलेली असायची.

हे समजण्यासाठी नव्वदच्या दशकातील आयोग डोळ्यांसमोर आणावा लागेल. १९८९ नंतर पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या आणि त्या देशांना मदत पोहोचवण्याचे काम आयोगाकडे आले. १९९२ मध्ये मानवतावादी मदतीसाठी ‘एको’ हे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. युगोस्लाव्हिया फुटत होता आणि मदतीची निकड खरी होती. भूमध्य समुद्राच्या पलीकडील देशांसाठी ‘मेड’ कार्यक्रम आले, व्यवसायशिक्षणासाठी ‘लिओनार्दो दा विंची’ हा कार्यक्रम आला. सदस्य देशांची सरकारे आणि युरोपीय संसद या कार्यक्रमांना पैसा मंजूर करत होती, परंतु तो पैसा नीट खर्च करण्यासाठी जी पदे लागतात ती मंजूर करत नव्हती. जो आयोग आधी मुख्यतः धोरणे आखणारी आणि कायद्यांचे मसुदे करणारी संस्था होता, त्याच्यावर अचानक हजारो लहानमोठी कंत्राटे सांभाळण्याची वेळ आली. मग पळवाट निघाली. ‘तांत्रिक साहाय्य कार्यालय’ या नावाने बाहेरच्या खासगी संस्थांना काम दिले गेले, आणि कार्यक्रमासाठी मंजूर झालेल्या पैशांतून मनुष्यबळ आणले जाऊ लागले. एको कार्यालयाच्या बाबतीत तर अशी कंत्राटे आढळली की जी कागदावर युगोस्लाव्हिया आणि आफ्रिकेतील महासरोवर प्रदेशातील मदतकार्यासाठी होती, आणि त्यांतील पैशांतून प्रत्यक्षात ब्रुसेल्समधील कार्यालयात काम करणाऱ्या माणसांचे पगार निघत होते. मेड कार्यक्रमांविषयी युरोपीय लेखापरीक्षा न्यायालयाने (नाव न्यायालय असले तरी ही संघाचे हिशेब तपासणारी संस्था आहे) १९९६ मध्येच विशेष अहवाल दिला होता: कार्यक्रमाचा कारभार ज्या संस्थेकडे सोपवला होता, तिच्या संचालक मंडळावर ज्या सल्लागार कंपन्यांची माणसे होती, त्याच कंपन्यांना कामे मिळत होती.

या टप्प्यावर मी थोडा थांबतो, कारण लोक फसवणुकीची कल्पना एखाद्या पाताळयंत्री टोळीसारखी करतात. माझ्या पाहण्यात बहुतेक गैरव्यवहारांची सुरुवात अडलेल्या कामातून झाली आहे. माणूस हवा असतो, पद मंजूर नसते, म्हणून कोणीतरी शहाणा अधिकारी दुसऱ्या लेखाशीर्षातून त्याचा पगार काढतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण त्यासाठी खोटे कंत्राट लिहावे लागते, त्यावर खोटा कार्यपूर्तीचा दाखला लागतो, आणि तो दाखला बघणाऱ्या प्रत्येकाला हे कळलेले असते की येथे कागद आणि वस्तुस्थिती यांचा मेळ असण्याची गरज नाही. एकदा ही समजूत कार्यालयात रुजली की ज्यांना स्वतःच्या नातलगांची, मित्रांची सोय लावायची असते त्यांना वेगळे काही करावे लागत नाही. वाट आधीच पडलेली असते.

आणि सह्या? त्या भरपूर असतात. मी ज्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रकल्पाची तपासणी करत होतो, तेथे तीन दिवसांच्या प्रशिक्षण शिबिराच्या खर्चाची फाइल माझ्या हाती आली. उपस्थितीपत्रकाची तीन पाने होती. पहिल्या दोन दिवसांच्या सह्या निरनिराळ्या शाईच्या, कोणी रकान्याबाहेर गेलेला, कोणी नुसती आद्याक्षरे केलेली, जशा खऱ्या माणसांच्या असतात तशा. तिसऱ्या दिवसाच्या एकेचाळीस सह्या मात्र एकाच निळ्या पेनाच्या होत्या, एकाच बाजूला झुकलेल्या, आणि निवासाचे देयक दोनच रात्रींचे असून प्रशिक्षणार्थी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघून गेल्याचे त्यावरून उघड होत होते. त्या फाइलवर मंजुरीच्या सात सह्या होत्या. मी त्या सातही जणांना एकेक करून विचारले की आपण नेमके काय तपासलेत. पहिल्याने देयकांची बेरीज तपासली होती. दुसऱ्याने पहिल्याची सही आहे ना, हे पाहिले होते. तिसऱ्याने अंदाजपत्रकात तरतूद शिल्लक आहे का, हे पाहिले होते. सातव्याने, म्हणजे सर्वांत वरिष्ठाने, अगदी प्रामाणिकपणे सांगितले की खाली सहा सह्या असताना त्यांना शंका घेण्याचे कारण दिसले नाही. उपस्थितीपत्रक कोणीही उलटून पाहिले नव्हते. सातांपैकी एकही जण चोर नव्हता, आणि तिसऱ्या दिवसाचे पैसे तरीही गेले होते.

आयोगात त्या काळी अशीच रचना वरपासून होती. प्रत्येक खर्चाला तो होण्यापूर्वी केंद्रीय वित्तनियंत्रकाचा ‘व्हिसा’, म्हणजे पूर्वसंमतीचा शिक्का, लागत असे. तो मिळाला की खर्च करणारा अधिकारी निश्चिंत, कारण नियंत्रकाने पाहिले आहे. आणि नियंत्रकही निश्चिंत, कारण खर्चाचा निर्णय मुळात त्याचा नाही. नियंत्रण जितके दाट, तितकी जबाबदारी विरळ, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही; फाइल हाताळणाऱ्याला लगेच पटते.

आता १९९८ आणि ९९ मधील घटनाक्रम. लक्झेंबर्गचे माजी पंतप्रधान जाक सांतेर हे जानेवारी १९९५ पासून आयोगाचे अध्यक्ष होते. डिसेंबर १९९८ मध्ये युरोपीय संसदेने १९९६ च्या हिशेबांना मान्यता देण्यास नकार दिला. त्याच महिन्यात आयोगाच्याच लेखापरीक्षण विभागात काम करणाऱ्या पॉल व्हॅन बाउटेनेन या डच कर्मचाऱ्याने, वरिष्ठांकडे मांडलेल्या गोष्टींचे काही होत नाही असे पाहून, शेकडो पानांची कागदपत्रे संसदेच्या एका सदस्याकडे पाठवली. आयोगाने त्याला निलंबित केले आणि त्याचा पगार निम्म्यावर आणला. १४ जानेवारी १९९९ रोजी संसदेत अविश्वास ठराव आला; बाजूने २३२, विरोधात २९३ आणि तटस्थ २७ मते पडली. ठराव फेटाळला गेला, परंतु त्याच वेळी पाच स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमण्याचे ठरले, आणि खरे परिणाम त्या समितीने घडवले.

समितीचे अध्यक्ष आंद्रे मिडेलहुक हे लेखापरीक्षा न्यायालयाचे माजी अध्यक्ष होते, आणि स्वीडनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या प्रमुख इंगा-ब्रित आलेनियस तिच्या सदस्य होत्या. १५ मार्च १९९९ रोजी समितीने पहिला अहवाल दिला. एकाही आयुक्ताने स्वतः पैसे खाल्ल्याचे समितीला आढळले नाही. तेवढ्यावर आयोग सुटला असता. पण समितीने पुढचा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते त्या अहवालाचे मोल त्या प्रश्नात आहे: खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी आयुक्ताला ठाऊक नव्हत्या, तर तो आयुक्त कशाचा कारभार करत होता? समितीने लिहिले की अशा प्रकारे अज्ञान पुढे करणे म्हणजे, ज्या प्रशासनाचा कारभार आपण चालवतो असे म्हणतो त्यावरचा आपला ताबा सुटला आहे, याची कबुलीच आहे. आणि अहवालाच्या शेवटी ते वाक्य आले, जे त्या रात्री सगळीकडे पोहोचले: जबाबदारीची यत्किंचितही जाणीव असलेली व्यक्ती सापडणे अवघड होत चालले आहे.

त्याच रात्री वीसही आयुक्तांनी राजीनामे दिले. सगळ्यांनी का? कारण युरोपीय संघाच्या त्यावेळच्या करारात अध्यक्षाला एका आयुक्ताला काढून टाकण्याचा अधिकार नव्हता, आणि संसदेलाही अविश्वास दाखवायचा तर संपूर्ण आयोगावरच दाखवावा लागे. ज्यांच्यावर समितीचा सर्वाधिक रोख होता त्या एदित क्रेसाँ, फ्रान्सच्या माजी पंतप्रधान, स्वतःहून बाजूला होण्यास तयार नव्हत्या. संसदेतील सर्वांत मोठ्या समाजवादी गटाने जानेवारीत आयोगाला वाचवले होते. अहवालानंतर तो गट विरोधात जाणार हे स्पष्ट झाले. सामूहिक जबाबदारीचे तत्त्व ऐकायला उदात्त आहे, परंतु त्याचा व्यवहारातला अर्थ असा होतो की एकाच्या चुकीसाठी सर्वांना काढावे लागते, आणि सर्वांना काढणे इतके जड असते की बहुतेक वेळा कोणालाच काढले जात नाही.

क्रेसाँ यांचे प्रकरण मी नेहमी नवीन सहकाऱ्यांना तपशिलात सांगतो, कारण तीन जबाबदाऱ्या वेगवेगळ्या कशा चालतात हे त्यात नितळपणे दिसते. त्यांना आपल्या शहरातील ओळखीच्या एका दंतवैद्याला वैयक्तिक सल्लागार म्हणून घ्यायचे होते. त्यांच्या कार्यालयातील सल्लागारांच्या जागा भरलेल्या होत्या आणि त्या गृहस्थांचे वयही नियमात बसत नव्हते. म्हणून १९९५ मध्ये त्यांना ‘अभ्यागत शास्त्रज्ञ’ म्हणून संशोधन खात्यात नेमले गेले. त्या कामाचे फलित म्हणून समितीला मोजकीच पाने मिळाली, आणि त्यांचा दर्जाही तिला निकृष्ट वाटला. बेल्जियममधील फौजदारी प्रकरण २००४ मध्ये खटला न चालता संपले. तरीही आयोगाने प्रकरण युरोपीय न्यायालयात नेले, आणि ११ जुलै २००६ रोजी न्यायालयाने म्हटले की क्रेसाँ यांनी आयुक्तपदाच्या कर्तव्यांचा भंग केला होता. फौजदारी कारवाई बंद झाली म्हणून पदाच्या कर्तव्याचा प्रश्न संपत नाही, हे या निकालाने स्पष्ट झाले. शिक्षा म्हणून निवृत्तिवेतन कापावे, ही मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. भंग झाल्याचा निष्कर्ष हीच पुरेशी शिक्षा मानली गेली. माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार चौकशी पुरी होण्यापूर्वीच निम्मा झाला, आणि कर्तव्यभंग सिद्ध झालेल्या आयुक्तांचे निवृत्तिवेतन सात वर्षांनी शाबूत राहिले. मला हा फरक आजही अस्वस्थ करतो, आणि नियमांनुसारच झाले या उत्तराने ते अस्वस्थपण कमी होत नाही.

राजीनाम्यानंतर सुधारणा झाल्या आणि त्या दिखाऊ नव्हत्या. आयोगाच्या सचिवालयात १९८८ पासून असलेल्या ‘युक्लाफ’ या पथकाच्या जागी जून १९९९ मध्ये ‘ओलाफ’ हे फसवणूकविरोधी कार्यालय आले. ते आयोगाचाच भाग राहिले, पण तपासात आयोगाचे आदेश घ्यायचे नाहीत अशी त्याला मोकळीक मिळाली. रोमानो प्रोदी यांच्या नव्या आयोगात नील किनॉक यांच्याकडे प्रशासकीय सुधारणा आल्या. केंद्रीय वित्तनियंत्रकाचा तो पूर्वसंमतीचा शिक्का रद्द झाला. नवी वित्तीय नियमावली १ जानेवारी २००३ पासून लागू झाली. प्रत्येक महासंचालकाने आपल्या विभागाच्या खर्चाची जबाबदारी स्वतः घ्यायची आणि वर्षाअखेरीस तसे स्वाक्षरीनिशी घोषित करायचे, असे ठरले. २००४ च्या सेवानियमांत गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणारी कलमे आली. सात सह्यांच्या फाइलपुढे एक नाव उभे राहिले, आणि लेखापरीक्षक म्हणून मला ही सुधारणा मनापासून योग्य वाटते.

परंतु याच सुधारणेत एक फट होती, आणि ती लगेच उघडी पडली. २००३ मध्ये युरोस्टॅट, म्हणजे आयोगाचे सांख्यिकी कार्यालय, अडचणीत आले. आकडेवारीच्या विक्रीतून आलेला पैसा अंदाजपत्रकाबाहेरच्या खात्यांत ठेवला जात असल्याचे आणि काही कंत्राटदार कंपन्यांशी फार जवळचे संबंध असल्याचे आरोप होते. अंतर्गत लेखापरीक्षणात काही वर्षांपूर्वीच इशारे लिहिले गेले होते. संबंधित आयुक्त पेद्रो सोल्बेस यांची संसदेपुढची भूमिका अशी होती की जे मला कळवलेच गेले नाही, त्याची जबाबदारी माझ्यावर टाकता येणार नाही. प्रोदी यांनी त्यांचा राजीनामा मागितला नाही. येथे नवी व्यवस्था आयुक्ताच्या उपयोगी पडली: खर्चाची जबाबदारी महासंचालकाची, माहिती देणे त्याचे काम, त्याने दिली नाही, तर आयुक्त काय करणार? चार वर्षांपूर्वी तज्ज्ञ समितीने जे उत्तर स्पष्ट शब्दांत नाकारले होते, तेच नव्या नियमांच्या आधाराने परत आले. महासंचालकाला जबाबदार केले की आयुक्त मोकळा होतो, असा अर्थ लावणे मला चूक वाटते. महासंचालक खर्चाचा हिशेब देतो. आयुक्ताने याचा हिशेब द्यायचा असतो की, धोक्याची सूचना आपल्या टेबलापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था त्याने केली होती का, आणि लेखापरीक्षणाचे अहवाल कधी मागवले होते का.

याच प्रकरणाची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अन्याय करीन. युरोस्टॅटच्या महासंचालकांना आणि एका संचालकांना पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांची नावे जाहीर झाली. त्यांचे म्हणणे ऐकून न घेताच ओलाफने प्रकरण फ्रान्समधील अभियोक्त्यांकडे, म्हणजे सरकारी वकिलांकडे, पाठवले होते. ८ जुलै २००८ रोजी युरोपीय न्यायव्यवस्थेतील प्रथम श्रेणी न्यायालयाने आयोगाला या दोघांना ५६ हजार युरोंची भरपाई देण्यास सांगितले, कारण दोष सिद्ध होण्याआधी निर्दोष मानले जाण्याचा त्यांचा हक्क पायदळी तुडवला गेला होता. फ्रान्समधील फौजदारी तपासही पुढे खटल्याशिवाय बंद झाला. म्हणजे जेथे राजकीय उत्तर हवे होते तेथे ते मिळाले नाही, आणि त्याची भरपाई म्हणून अधिकाऱ्यांवर घाईने दोषाचा शिक्का मारला गेला. या दोन गोष्टी एकत्र घडल्या हा योगायोग नव्हे. आयुक्त स्वतः उत्तर द्यायला उभा राहत नाही तेव्हा लोकक्षोभाला कोणीतरी द्यावे लागते, आणि मग बळीचा बकरा खालच्या मजल्यावर शोधला जातो.

एका आयुक्ताला एकट्याने जावे लागण्याचे उदाहरण पुढे २०१२ मध्ये घडले. माल्टाचे जॉन डाली आरोग्य आयुक्त होते. युरोपीय संघात स्वीडन सोडून बंदी असलेल्या ‘स्नुस’ या तोंडात ठेवण्याच्या तंबाखूवरील बंदी उठवण्यासाठी आपण आयुक्तांवर प्रभाव टाकू शकतो, असे सांगून एका माल्टीज व्यावसायिकाने मोठी रक्कम मागितल्याची तक्रार एका कंपनीने केली होती. पैसे दिले गेले नव्हते. डाली यांचा थेट सहभाग असल्याचा निर्णायक पुरावा ओलाफला मिळाला नाही, पण त्यांना हे ठाऊक होते असा त्या कार्यालयाचा निष्कर्ष होता. डाली यांनी आरोप नाकारले. १६ ऑक्टोबर रोजी अध्यक्ष बारोसो यांच्याशी झालेल्या भेटीत ते पदावरून गेले. पण त्यांनी राजीनामा दिला की त्यांना काढले, यावर वाद झाला आणि तो न्यायालयात गेला. २०१५ मध्ये न्यायालयाने त्यांनी तोंडी राजीनामा दिला होता असे मानून त्यांचा दावा फेटाळला. तत्त्व म्हणून आयुक्ताने एकट्याने उत्तर देणे मला योग्य वाटते. पद्धत म्हणून मात्र हे फार कच्चे काम होते. ज्या प्रकारच्या संस्थांत एका प्रशिक्षण शिबिराच्या देयकाला सात सह्या लागतात, त्यांत आयुक्ताच्या जाण्यावर एकही सही नसावी, हे समर्थनीय नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण या विषयावर बोलणारे बहुतेक लोक तेथे घसरतात. युरोपीय लेखापरीक्षा न्यायालय दरवर्षी खर्चातील चुकांचे प्रमाण जाहीर करते. २०२३ या वर्षासाठी ते ५.६ टक्के होते, आणि २ टक्क्यांपुढचे प्रमाण गंभीर मानले जाते. हा आकडा ‘इतका पैसा खाल्ला गेला’ असा वाचला जातो, आणि ते चूक आहे. निविदेची मुदत पाळली नाही, अपात्र खर्च दाखवला, कागद जोडला नाही, हे सर्व त्यात येते. फसवणुकीचा संशय असलेली प्रकरणे त्यांत मोजकी असतात आणि ती तपासयंत्रणांकडे जातात. शिवाय या पैशांचा मोठा भाग ब्रुसेल्समध्ये खर्च होत नाही. तो शेती आणि प्रादेशिक विकासासाठी सदस्य देशांच्या प्रशासनामार्फत जातो. करारानुसार अंमलबजावणीची जबाबदारी आयोगाची, पैसा देणारे हात मात्र राष्ट्रीय सरकारांचे. चूक सापडली की सरकारे ब्रुसेल्सकडे बोट दाखवतात आणि ब्रुसेल्स सरकारांकडे. टोलवाटोलवीला इतकी सोयीची रचना मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

तरीही आयोगाच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. त्याला जाब विचारणारी निवडून आलेली संसद आहे. निर्बंध असलेल्या इराकला तेल विकून अन्न घेऊ देणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ कार्यक्रमाची चौकशी पॉल व्होल्कर यांच्या समितीने केली आणि २००५ मध्ये तिने दाखवून दिले की २,२०० हून अधिक कंपन्यांनी सद्दाम राजवटीला सुमारे १.८ अब्ज डॉलर बेकायदा दिले होते. अहवाल सविस्तर होता, पण तो हातात घेऊन महासचिवांवर अविश्वास ठराव आणू शकेल असे लोकनियुक्त सभागृहच तेथे नव्हते. वर उल्लेख केलेल्या आलेनियस २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत देखरेख विभागाच्या प्रमुख झाल्या आणि २०१० मध्ये पद सोडताना त्यांनी महासचिवांनी आपल्या विभागाच्या स्वातंत्र्याला बाधा आणल्याची कठोर टीका करणारी लांबलचक टिपणी लिहिली. ती वृत्तपत्रांतून गाजली. पुढे तिचे उत्तर द्यायला कोणालाही बांधलेले नव्हते.

आता, आज तसे घडले तर काय, या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो. कागदावर परिस्थिती बरीच सुधारली आहे. २००९ पासून लागू असलेल्या लिस्बन करारानुसार अध्यक्षाने सांगितल्यास आयुक्ताला राजीनामा द्यावाच लागतो, म्हणजे १९९९ ची कोंडी कायद्याने सुटली आहे. १ जून २०२१ पासून लक्झेंबर्गमध्ये युरोपीय अभियोक्ता कार्यालय काम करते. ओलाफला केवळ प्रशासकीय तपास करून शिफारस करता येत होती, हे कार्यालय सहभागी देशांच्या न्यायालयांत स्वतः खटला चालवू शकते. त्याच्या पहिल्या प्रमुख लॉरा कोद्रुत्सा कोव्हेशी यांनी रोमेनियात भ्रष्टाचारविरोधी खटल्यांत नाव कमावले होते. २०२५ मध्ये हंगेरी, डेन्मार्क आणि आयर्लंड या कार्यालयात सामील नव्हते. संसदेला मात्र आजही संपूर्ण आयोगावरच अविश्वास दाखवता येतो, आणि त्यासाठी टाकलेल्या मतांपैकी दोन तृतीयांश मते आणि एकूण सदस्यांचे बहुमत लागते. १० जुलै २०२५ रोजी उर्सुला फॉन देअर लायन यांच्या आयोगाविरुद्ध असा ठराव मतदानाला आला. बाजूने १७५, विरोधात ३६० मते पडली, १८ तटस्थ राहिले. त्यात लस खरेदीच्या काळात अध्यक्षांनी एका औषध कंपनीच्या प्रमुखाशी केलेल्या मोबाइल संदेशांचाही विषय होता. हे संदेश आपल्याकडे नाहीत, या आयोगाच्या उत्तरात विश्वसनीय स्पष्टीकरण नाही, असे म्हणून न्यायालयाने मे २०२५ मध्ये माहिती नाकारण्याचा आयोगाचा निर्णय रद्द केला होता. या प्रकरणात अफरातफर सिद्ध झालेली नाही, आणि मी तसा आरोपही करत नाही. मला त्यात दिसते ते जुनेच दुखणे: राजकीय प्रमुखाने काय केले आणि त्याला काय कळवले गेले, याची नोंदच राहत नाही.

म्हणून अशा कोणत्याही संस्थेत मला उद्या तपासणीला बसवले, तर देयके मी दुसऱ्या दिवशी मागेन. पहिल्या दिवशी मी त्या विभागातील शेवटचे तीन अंतर्गत लेखापरीक्षण अहवाल मागेन, आणि प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर आयुक्ताच्या कार्यालयाची पोच कोणत्या तारखेची आहे, ती तेथे आहे का, आणि तिच्याखाली आयुक्ताच्या हस्ताक्षरात काही लिहिलेले आहे का, एवढेच पाहीन.